दगडी कोळशापासून तेल : एका न उभारलेल्या उद्योगाची मीमांसा

औद्योगिक इतिहास बहुधा उभ्या राहिलेल्या कारखान्यांचा लिहिला जातो. जे कारखाने पुनःपुन्हा योजिले गेले आणि उभे मात्र राहिले नाहीत, त्यांच्याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. परंतु एखाद्या समाजाने काय करावयाचे टाळले व का टाळले, हे पाहिल्याखेरीज त्याने जे केले त्याचाही उलगडा पुरता होत नाही. दगडी कोळशापासून पेट्रोल व डीझेल तयार करण्याचा उद्योग हे भारतापुरते अशा टाळलेल्या गोष्टीचे उत्तम उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धानंतर, पुन्हा १९५५ च्या सुमारास, नंतर १९७३ च्या तेलसंकटानंतर आणि शेवटी २००८-०९ मध्ये हा प्रश्न देशापुढे आला. प्रत्येक वेळी त्याचा अभ्यास झाला आणि प्रत्येक वेळी तो बाजूस ठेवण्यात आला.

याची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. भारतीय कोळशात राख फार, हे पहिले. आणि परदेशी तेल स्वस्त, हे दुसरे. दोन्ही कारणे खरी आहेत, पण दोन्ही मिळूनही पुरेशी नाहीत. दक्षिण आफ्रिकेत १९५५ पासून कोळशाचे तेल बनत आहे, आणि तेथे वापरला जाणारा कोळसाही कमी राखेचा नव्हे. मग भारताचे पाऊल अडले कोठे? या प्रश्नाचा विचार झरिया किंवा राणीगंज येथून करण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो मुंबई-ठाण्याच्या बाजूने केला असता अधिक उकलतो; कारण कोळशाचा लांबचा रस्ता आणि तेलाचा जवळचा रस्ता हे दोन्ही याच किनाऱ्याशी येऊन मिळतात.

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हा तिच्या एंजिनासाठी लागणारा कोळसा इंग्लंडहून जहाजाने आणावा लागत होता. ठाणे-कल्याणच्या भूमीत काळा पाषाण विपुल, पण कोळसा नाही. दख्खनच्या लाव्ह्याखाली येथे काय दडले आहे याची चिकित्सा करण्याचे प्रयोजन रेल्वेला नव्हते. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस परळकडील कारखान्यात कोळसा बंद भांड्यात तापवून काढीत, आणि त्यातून डांबर व कोक हे दुय्यम पदार्थ मिळत. कोळशातून प्रवाही द्रव्य काढण्याची पश्चिम भारतातील ही पहिली नियमित क्रिया म्हणावयास हरकत नाही, जरी त्या डांबराचे इंधन करण्याचा विचार कोणी केला नव्हता. १८७१ मध्ये वरोऱ्याची खाण सुरू झाली आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा रेल्वेस मिळू लागला. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली. तिची जागा बल्लारपूरने घेतली. तथापि मुंबईच्या गिरण्या प्रामुख्याने बंगालच्या कोळशावर चालत. हा कोळसा खाणीतून कलकत्त्यास रेल्वेने आणि तेथून सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून समुद्रमार्गे मुंबईस येई. त्याच्या किमतीत खाणीचा वाटा थोडा व वाहतुकीचा अधिक असे.

पहिल्या महायुद्धानंतर या व्यवहाराला एक विलक्षण कलाटणी मिळाली. कोळशाची टंचाई व वाघिणींचा तुटवडा यांमुळे १९२० मध्ये भारतीय कोळशाच्या निर्यातीवर निर्बंध आले आणि ते १९२३ पर्यंत टिकले. त्या अवधीत बाहेरच्या बाजारपेठा तर गेल्याच, पण खुद्द मुंबई बंदरातही दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातील कोळसा येऊन उतरू लागला. तेथील सरकार निर्यातीच्या कोळशाला रेल्वेभाड्यात सूट देत असे. शिवाय माल निवडलेला व एकसारखा असे. बंगालच्या खाणमालकांनी संरक्षक जकातीची मागणी केली, १९२५ मध्ये कोळशाची प्रतवारी ठरविणारे मंडळ कायद्याने स्थापन झाले, टॅरिफ बोर्डाने चौकशी केली. पण गिरणीमालकाला प्रश्न साधा होता : बॉयलरखाली कोणता कोळसा कमी पैशांत जास्त वाफ देतो?

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. नाताळ-ट्रान्सवालचा कोळसा आणि वर्धा, गोदावरी, महानदी व दामोदर यांच्या खोऱ्यांतील कोळसा भूशास्त्राच्या दृष्टीने सहोदर आहेत. दोन्ही पर्मियन काळातील, दोन्ही त्या प्राचीन गोंडवन भूखंडावरच्या वनस्पतींचे अवशेष. दोहोंतही खनिज द्रव्य कोळशाच्या कणाकणांत मिसळून गेलेले, केवळ धुण्याने न सुटणारे. ज्या भूखंडाला नर्मदेच्या दक्षिणेकडील गोंडांच्या प्रदेशाचे नाव मिळाले, त्याच्याच आफ्रिकी तुकड्यावरचा कोळसा १९२० च्या दशकात मुंबईच्या बंदरात वर्ध्याच्या कोळशाचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा होता. पुढील विवेचनात या नात्याचे महत्त्व दिसून येईल.

मुंबईने कोळशाच्या या परावलंबनावर दोन उपाय शोधले. १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत्केंद्र सुरू झाले आणि गिरण्या हळूहळू विजेवर आल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटमार्गाच्या विद्युतीकरणासाठी कल्याणनजीक ठाकुर्ली येथे औष्णिक वीजकेंद्र उभारले. चोळे पॉवर हाऊस या नावाने ते त्या परिसरात ओळखले जाई. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी धावली. ठाणे-कल्याण पट्ट्यात कोळशाचा परिचय झाला तो असा, केवळ जाळावयाचा पदार्थ म्हणून. त्याचे रसायन करावयाचे असते ही कल्पना येथे रुजली नाही, आणि रुजण्यास आधारही नव्हता. पोलाद नाही म्हणून कोकभट्ट्या नाहीत, आणि कोकभट्ट्या नाहीत म्हणून डांबर व बेंझीन यांवर पोसणारे उद्योगही बेताचेच.

जर्मनीत मात्र नेमके हेच रसायन राष्ट्रीय महत्त्वास चढले होते. कोळसा आणि पेट्रोल या दोहोंत मुख्य घटक कार्बन. अंतर आहे ते हायड्रोजनचे. पेट्रोलमध्ये कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सुमारे दोन अणू असतात, कोळशात एकाहून कमी. ही उणीव दोन रीतींनी भरून काढता येते. फ्रीडरिख बेर्गियसने १९१३ मध्ये पेटंट घेतलेल्या रीतीत कोळशाची भुकटी तेलात कालवून सुमारे ४५०° सेल्सियसला आणि शेकडो पट वातावरणदाबाखाली तिच्यात हायड्रोजन घुसवितात. यास प्रत्यक्ष द्रवीकरण म्हणतात. फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२५-२६ मध्ये म्युलहाइम येथे विकसित केलेली रीत वाकडी वाट घेते. प्रथम वाफ व ऑक्सिजन यांच्या साहाय्याने कोळशाचे पूर्ण वायूकरण करून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण मिळवावयाचे, ते गंधकापासून शुद्ध करावयाचे आणि मग लोखंड किंवा कोबाल्ट यांच्या उत्प्रेरकावरून नेऊन त्यातून तेल जुळवावयाचे. पहिल्या रीतीत राख थेट यंत्रात शिरते, झडपा झिजविते, उत्प्रेरक बिघडविते. म्हणून तिला स्वच्छ कोळसा हवा. दुसऱ्या रीतीत राख वायूकरणाच्या भट्टीतच मागे राहते. भारतासारख्या देशाला या भेदाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

१९४४ च्या आरंभी जर्मनीत पहिल्या रीतीचे १२ व दुसऱ्या रीतीचे ९ कारखाने होते आणि त्या देशाच्या एकूण तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल कोळशापासून येत होते. विमानांचे पेट्रोल तर जवळजवळ सर्वच. ब्रिटनमध्येही बिलिंगहॅम येथे १९३५ मध्ये असा कारखाना सुरू झाला होता, पण त्याला आयात तेलावरील करातून मिळणाऱ्या सवलतीचा टेकू द्यावा लागला. युद्धाचा किंवा करसवलतीचा आधार नसता कोळशाचे पेट्रोल बाजारात टिकत नाही, हा धडा १९४५ पूर्वीच मिळालेला होता.

हिंदुस्थानात १९४१ पासून पेट्रोलचे नियंत्रण आले तेव्हा मोटारगाड्यांना मागील बाजूस लोखंडी भट्टी बसवून त्यांत लाकडी कोळशाचा गॅस करून गाडी चालविण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली. या गाड्या चढावर दम टाकीत, चालकाला प्रस्थानापूर्वी बराच वेळ भट्टी फुंकत बसावे लागे आणि गाळणीत राख साठली की एंजिन थांबे. शास्त्रीय दृष्ट्या मात्र ही फिशर-ट्रॉप्श रीतीची पहिली अर्धी पायरीच होय. वायू तयार झाला, तो द्रवरूप करण्याऐवजी तसाच जाळला गेला. युद्ध संपताच या भट्ट्या भंगारात गेल्या. त्यांच्याविषयीचा अनुभव कोणत्याही प्रयोगशाळेपर्यंत पोहोचल्याचे दिसत नाही.

ज्ञान नव्हते म्हणून उद्योग झाला नाही, असे म्हणता येणार नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३९ ते १९४८ या काळात संचालक असलेल्या ज्ञानचंद्र घोष यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिशर-ट्रॉप्श रीतीच्या उत्प्रेरकांवर संशोधन केले होते. धनबादजवळ दिगवाडीह येथे केंद्रीय इंधन संशोधन संस्था १९५० मध्ये सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच केंद्र सरकारने कॉपर्स या अमेरिकन कंपनीकडून कोळशाच्या तेलाचा कारखाना काढण्याविषयी तपशीलवार पाहणीही करवून घेतली. देशात तेव्हा तेलशुद्धीकरणाचा एकच कारखाना होता, आसामात दिग्बोई येथे. त्याचे उत्पादन देशाच्या गरजेचा लहानसा अंश भागवी. फाळणीने रावळपिंडीचा कारखाना पाकिस्तानात गेला होता. तेव्हा तेलाविषयीची चिंता काल्पनिक नव्हती.

त्याच सुमारास दुसरा पर्याय पुढे आला आणि तोच निर्णायक ठरला. ३० नोव्हेंबर १९५१ रोजी स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीशी आणि पुढल्याच महिन्यात बर्मा-शेल कंपनीशी सरकारने करार केले. मुंबईनजीक तुर्भे येथे या दोन कंपन्यांनी शुद्धीकरणाचे कारखाने काढावयाचे होते; ते अनुक्रमे १९५४ व १९५५ मध्ये सुरू झाले. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, असे आश्वासन सरकारने दिले आणि कच्चे तेल आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून आणण्याची मुभा कंपन्यांना राहिली. या अटी जाचक होत्या, अशी टीका पुढे पुष्कळ झाली. १९६० मध्ये सोव्हिएट रशियाचे स्वस्त तेल शुद्ध करण्यास याच कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा ती टीका निराधार नव्हती हे दिसून आले. परंतु १९५१ च्या सरकारपुढचा हिशेब निराळा होता. तुर्भ्याचे भांडवल कंपन्या आणणार होत्या. कोळशाच्या कारखान्याचे भांडवल, तेही बरेचसे परकीय चलनात, सरकारला उभारावे लागणार होते. कोळशाच्या एक टन पेट्रोलमागे, प्रक्रियेची वाफ व वीज धरून, चांगल्या कोळशाचे सुमारे चार टन खर्ची पडतात. भारतीय कोळशाचे त्याहून अधिक. आणि चांगला कोळसा तर नव्या पोलाद कारखान्यांसाठी राखून ठेवावयाचा होता. या परिस्थितीत तुर्भ्याची निवड चुकीची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र ती निवड केवळ किमतीची नव्हती, ती एका किनाऱ्याचीही होती. इराणी आखातातून येणारे जहाज ज्या किनाऱ्याला प्रथम लागते तेथे तेलाचा उद्योग रुजला, आणि एकदा रुजल्यावर सभोवतालची सारी व्यवस्था त्याच्या अनुरोधाने वाढू लागली.

ठाणे जिल्ह्याचा औद्योगिक कायापालट हे त्याचे प्रत्यक्ष फळ. शुद्धीकरणातून निघणारा नाफ्था हा हलका अंश जाळण्यापेक्षा त्याचे रसायन करणे लाभदायक, हे ओळखून १९६६ मध्ये तुर्भे येथे आणि १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर मार्गावर नोसिल कंपनीचा, असे नाफ्थाचे विघटन करणारे कारखाने निघाले. त्यांच्या एथिलीन, प्रॉपिलीन, बेंझीन यांवर प्लास्टिक, विद्रावके व औषधे यांचे उद्योग वाढले. यांपैकी पुष्कळ द्रव्ये जगात पूर्वी कोळशाच्या डांबरापासून किंवा मळीच्या मद्यार्कापासून येत असत. आता त्यांचे कूळच बदलले. ठाण्यात पोखरण मार्गालगत वर्तकनगरसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, तिकडे डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती, ही सारी वाढ ज्या औद्योगिक युगातील, त्या युगाचा रासायनिक पाया खनिज तेलाचा होता. एकदा असा पाया पडल्यावर कोळशाच्या तेलाला नुसत्या आयात तेलाशी नव्हे, तर या सबंध रचनेशी स्पर्धा करावी लागणार होती. याचा विचार नंतरच्या चर्चांमध्ये फारसा झालेला नाही.

१९५५ च्या सुमारास ज्ञानचंद्र घोष यांच्याच अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमण्यात आली. घोष त्या वेळी योजना आयोगाचे सदस्य होते, आणि या विषयातील त्यांचा अधिकार प्रयोगशाळेतून आलेला होता. योगायोग असा की, त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत सॅसोलबर्ग येथे सॅसोल कंपनीचे पहिले तेल निघाले. तेथील कोळसा राखेने भरलेला, पोलादाला निरुपयोगी व म्हणूनच स्वस्त. त्यासाठी त्यांनी लुर्गी पद्धतीची भट्टी निवडली. या भट्टीत कोळशाचे खडे वरून पडतात, वाफ व ऑक्सिजन खालून शिरतात, आणि तापमान राख वितळणार नाही इतपत ठेवून ती कोरडीच जाळीतून बाहेर काढतात. गोंडवन कोळशाची राख विपुल असली तरी ती फार उच्च तापमानाला वितळते. जी गोष्ट अन्य भट्टीत अडचणीची तीच येथे सोयीची ठरते. दोष कोळशात असतो तितकाच तो कोळशाला न मानवणाऱ्या भट्टीतही असतो, हे सॅसोलने दाखवून दिले. अर्थात वर्णद्वेषी राजवटीला तेलबंदीचे भय होते आणि त्या भयापोटी तिने किमतीची पर्वा केली नाही, हेही तितकेच खरे. भारतावर असा प्रसंग नव्हता. आणि तो नव्हता याबद्दल खेद करण्याचे कारण नाही.

१९७३ मध्ये तेलाची किंमत चौपट झाली आणि प्रश्न पुन्हा जागा झाला. दक्षिण आफ्रिकेने दुसऱ्या, व १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तिसऱ्या कारखान्याचा निर्णय घेतला. भारतात मात्र फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली तेल सापडले, आणि मे १९७६ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. किनाऱ्याने दुसऱ्यांदा कोळशावर मात केली.

तथापि वायूकरणाचा पहिला मोठा भारतीय प्रयोग याच काळातला आहे. ओरिसात तालचेर आणि आंध्रात रामगुंडम येथे कोळशापासून खत बनविण्याचे दोन जुळे कारखाने काढण्यात आले. प्रत्येकाची क्षमता रोजी ९०० टन अमोनियाची. दोन्ही १९८० मध्ये सुरू झाले. रामगुंडम हे गोदावरीच्या काठी, म्हणजे वर्धा-प्राणहिता-गोदावरी या एकाच कोळसापट्ट्याच्या दक्षिण अंगास; गडचिरोली जिल्ह्याची सीमा तेथून दूर नाही. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे वायूकरण केले असते तर काय अनुभव आला असता, याचा सर्वांत जवळचा पुरावा हाच. या कारखान्यांसाठी निवडलेली कॉपर्स-टोट्झेक भट्टी ही लुर्गीच्या उलट तत्त्वाची. तिच्यात कोळशाची बारीक भुकटी ऑक्सिजनबरोबर फवारली जाते आणि तापमान इतके उच्च असते की राखेचा रस होऊन वाहावा. ही रीत कोणत्याही जातीच्या कोळशाला चालते, असा तिचा लौकिक होता. पण राख फार आणि तीही दुर्द्राव्य असली म्हणजे ती वितळविण्यातच उष्णता व ऑक्सिजन खर्च होतात, वायूबरोबर उडालेली धूळ नळ झिजविते आणि मार्ग तुंबविते. त्यात विजेचा खंड व कोळशाच्या प्रतीतील चढउतार यांची भर पडली. दोन्ही कारखाने आपल्या क्षमतेच्या जवळपासही कधी स्थिरपणे चालले नाहीत, आणि १९९९ मध्ये ते बंद करण्यात आले. त्या अपयशाचा बोध भारतीय कोळसा वायूकरणास अयोग्य आहे, असा घेतला गेला. आफ्रिकेतील त्याच्या सहोदराचा अर्धशतकाचा अनुभव या निष्कर्षाच्या विरुद्ध होता.

२००९ मध्ये तालचेर क्षेत्रातील दोन कोळसाखंड खास द्रवीकरणासाठी देण्यात आले : एक टाटा व सॅसोल यांच्या संयुक्त कंपनीस, दुसरा जिंदाल स्टील अँड पॉवर या कंपनीस. टाटांच्या रूपाने मुंबई आणि सॅसोलच्या रूपाने दक्षिण आफ्रिका या जुन्या व्यवहारातील दोन्ही बाजू येथे भागीदार म्हणून एकत्र आल्या. पण एकही खाण सुरू होण्यापूर्वी सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या कोळसाखंडांच्या वाटपांपैकी २०४ वाटपे रद्द केली आणि त्यांबरोबर हा प्रयत्नही संपला.

यानंतर प्रश्नाचे स्वरूपच पालटले आहे. सॅसोलचा सेकुंडा येथील कारखाना आज जगात एकाच ठिकाणाहून सर्वाधिक कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या स्थळांत गणला जातो. कोळशात जो हायड्रोजन कमी असतो तो पाण्यापासून मिळवावा लागतो आणि त्याची किंमत कार्बन हवेत सोडून चुकवावी लागते. हे भट्टीच्या निवडीने टळणारे नाही. पाण्याचा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे, आणि उन्हाळ्यात वर्धा-इरईचे पात्र पाहिलेल्यास त्याचे स्पष्टीकरण नको. असे असूनही जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे उद्दिष्ट त्यापूर्वीच जाहीर झालेले होते. या योजनेखाली निवडलेल्या प्रकल्पांत चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचा एक आहे. ज्या वरोऱ्यात १८७१ मध्ये खाण सुरू झाली, त्याच्या शेजारचाच हा तालुका. तेथे योजिलेले उत्पादन मात्र पेट्रोल नव्हे. ते आहे हायड्रोजन आणि अमोनियम नायट्रेट, म्हणजे खाणीत सुरुंग उडविण्यासाठी लागणाऱ्या स्फोटकाचे मुख्य द्रव्य.